हीरो अनेक, गिऱ्हाईक एक

अल्लीपुरात तज्ज्ञांची टंचाई कधीच पडली नाही. पाऊस कधी येणार, कापसाचा भाव कुठवर जाणार, हिंगणघाटची एसटी का आली नाही आणि आली असेल तर आज वेळेवर कशी आली, या सर्व विषयांवर ठामपणे बोलणारी माणसं आमच्या बसस्टॉपवर केव्हाही सापडतात. परंतु ‘कॉमिक्सचा धंदा’ या एका विषयावर आमच्या गावाने जेवढे तज्ज्ञ निर्माण केले, तेवढे मुंबई-दिल्लीनेही केले नसतील असं माझं प्रामाणिक मत आहे. आणि यांपैकी एकानेही उभ्या आयुष्यात कॉमिक्स विकत घेतलेलं नव्हतं. त्यामुळे त्यांच्या मतांना स्वार्थाचा वासही येत नसे.

विकत घ्यायची गरजच नव्हती. बसस्टॉपजवळ सायकल दुरुस्तीचं एक दुकान होतं. दुकान म्हणजे चार बल्ल्या, वर टिनपत्रा, खाली पंक्चर बघायचं घमेलं आणि मागे एक लोखंडी पेटी. त्या पेटीत सुमारे तीनशे कॉमिक्स. रोज सकाळी काका त्यातले पंधरा-वीस अंक काढून सुतळीवर टांगत. तिथेच बाकड्यावर बसून वाचलं तर आठ आणे, घरी नेलं तर एक रुपया. ग्रीसचे डाग लागले तर ते काकांचे, वरणाचे लागले तर दंड तुमचा. सगळा विदर्भ जसा वाचत होता तसे आम्हीही हिंदी अंकच वाचत होतो. माझ्या थोरल्या भावाच्या पिढीला मराठीतून वेताळ आणि मॅन्ड्रेक मिळाले. टाइम्सवाल्यांनी 1964 साली सुरू केलेली ती इंद्रजाल कॉमिक्स 1990 मध्ये बंद पडली, आणि आमच्या वाट्याला आले दिल्लीच्या राज कॉमिक्सचे वीर. 1986 चा नागराज, ज्याच्या अंगात रक्ताऐवजी सापच जास्त. 1987 चा सुपर कमांडो ध्रुव, ज्याच्याकडे कसलीही शक्ती नाही, फक्त डोकं आणि मोटरसायकल. मग कुत्र्याचा मुखवटा घालणारा मुंबईचा डोगा, दिल्लीचा परमाणू आणि असे पुष्कळ.

तर मी सांगतोय ती गोष्ट 2000 सालची. मी त्या वेळी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. जुन्या अंकांच्या मागच्या पानांवर एक जाहिरात येऊ लागली. सगळे वीर एकाच अंकात, एकाच शत्रूविरुद्ध! अंकाचं नाव ‘कोहराम’. ही जाहिरात बघून गावात जो कोहराम झाला तो प्रत्यक्ष अंकात तरी होता की नाही, शंका आहे.

संध्याकाळी बाकड्यावर सभा भरली. डॉक्टरांकडचा कंपाउंडर, शिंप्याचा पोरगा, कृषी केंद्रवाल्याचा थोरला, आणि ‘मी फक्त पोरांवर लक्ष ठेवायला येतो’ असं म्हणत सगळे अंक सर्वांआधी वाचणारे प्राथमिक शाळेचे गुरुजी. विषय एकच. हे खपेल का?

कंपाउंडरचा सिद्धांत बेरजेचा होता. “पाह्य भाऊ, नागराजवाले घेतीन, ध्रुववाले घेतीन, डोगावाले घेतीन. सगळ्यायची बेरीज कर. चौपट खप!”

शिंप्याच्या पोराचा सिद्धांत भागाकाराचा. “कायची बेरीज बे? पानं तेवढेच, हीरो डझनभर. ध्रुवच्या वाट्याले चार पानं येतीन. चार पानांसाठी कोन पैसे देते? एका मीटरच्या कापडात चार शर्ट बेतले तर घालते का कोनी?”

शिंप्याच्या घरातला माणूस असल्याने त्याचं मत वजनदार ठरलं. कृषी केंद्रवाल्याचा थोरला वेगळंच बोलला. त्याच्या मते हा मिश्र खताचा प्रकार होता. एकेक माल पडून राहिला की सगळा एका पोत्यात भरायचा आणि पोत्यावर नवीन चित्र छापायचं.

आता तुम्ही म्हणाल, खेड्यातल्या पोरांच्या या गप्पा. पण थोडं थांबा. अमेरिकेत 1960 मध्ये ‘जस्टिस लीग ऑफ अमेरिका’ नावाने सुपरमॅन, बॅटमॅन वगैरे मंडळी एकत्र आली. ती खपते आहे असं पाहून दुसऱ्या प्रकाशकाने आपल्या लेखकाला ‘आपलीही एक टीम काढ’ म्हणून सांगितलं, आणि 1961 मध्ये ‘फँटॅस्टिक फोर’ निघालं, असं सांगतात. म्हणजे ज्या प्रश्नावर न्यूयॉर्कच्या वातानुकूलित खोल्यांत डोकेफोड झाली, त्याच प्रश्नावर अल्लीपुरात पंक्चरच्या घमेल्याशेजारी ती चालू होती. फरक एवढाच, की त्यांच्यापैकी कुणीतरी शेवटी पैसे घातले.

पुढे बँकेत लागल्यावर मला टीम कॉमिक्सचं मर्म नीट कळलं. एकट्या कर्जदाराची पत पुरेनाशी झाली की आम्ही दोन जामीनदार मागतो. जबाबदारी संयुक्त आणि वैयक्तिक. एक पळाला तर दुसऱ्याला धरता येतं. एकटा परमाणू अंक खपवू शकला नाही तर नागराज आणि डोगा जामीन राहतात. आणि प्रत्येक जामीनदार मनातून हेच समजत असतो की पैसे दुसरा भरणार आहे. वीरांचं काय होतं ते मला ठाऊक नाही, पण त्यांच्या चाहत्यांचं अगदी असंच असतं.

मध्येच गुरुजींचा मराठी बाणा जागा झाला. “हे सगळे हिंदीवालेच काऊन? आपली मराठी टीम का नाही निघत?”

सभा विचारात पडली. मराठी टीममध्ये घ्यायचं कोणाला? भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे एकमताने निवडला गेला. सायकल हे त्याचं वाहन असल्यामुळे काकांनीही हात वर केला. दुसऱ्या नावापाशी गाडी अडली. डोगा मुंबईत राहतो म्हणून तो आपला, असं कंपाउंडर म्हणाला. नुसता मुंबईत राहून कोणी मराठी होत नाही, असं गुरुजी म्हणाले. या मुद्द्यावर पाऊण तास गेला. शेवटी मीच सांगितलं की नागराजचे सुरुवातीचे अंक चितारणारे प्रताप मुळीक हे आपल्या पुण्याचे, अमर चित्रकथेची चित्रं काढणारे. म्हणजे बोली हिंदी असली तरी नागराजचा चेहरामोहरा मराठी हातचा आहे. हे ऐकून गुरुजी इतके खूश झाले की त्यांनी नागराजला तिथल्या तिथे टीमचं अध्यक्षपद दिलं. ध्रुववाल्यांनी लगेच सभात्याग केला. मराठी टीमची पहिली गोष्ट अध्यक्षाच्या निवडणुकीतच संपेल आणि दुसऱ्या अंकापासून दोन टीम निघतील, याची मला तेव्हाच खात्री पटली.

या सगळ्या गोंधळात गप्प होते ते एकटे काका. ते चाकाचा आऊट काढत बसले होते. सभा पांगल्यावर त्यांनी मला थांबवलं.

“बाबू, तू कॉमर्सवाला आहे. सांग मले, किती मागवू?”

मी म्हटलं, “काका, इतके लोक वाट पाहून राहिले. दहा तरी...”

“वाट पाहाले पैसे पडत नाहीत, बाबू.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. 1997 मध्ये दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ सुरू झालं होतं आणि पुढे रविवारची दुपार ओस पडली होती. गावात केबल आली होती. पेटीचं उत्पन्न निम्म्यावर आलं होतं आणि मुलगी बारावीला होती. नागपूरचा एजंट रोखीने माल देई, आणि न खपलेला परत घेत नसे. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की पेटीच्या जागी एसटीडीचं खोकं टाक, बसल्या जागी पैसा. “हा अंक चालला तर पेटी ठेवतो,” काका म्हणाले, “नाही चालला तर पेटी रद्दीत. तिथं फोन बसवतो.”

मला हे नवीन होतं. आम्ही महिनाभर नागराजचं काय होणार याची चिंता करत होतो. काकांचं काय होणार हा प्रश्न कोणाच्याच जाहिरातीत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन बसलो. विकत घेणाऱ्यांची यादी. यादी करणारा स्वतः यादीत नसतो, हा सार्वजनिक कार्याचा नियम असल्याने माझं नाव तीत येण्याचा प्रश्न नव्हता. बाकी चौदा नावं झाली. कंपाउंडरने दोन प्रती लिहायला सांगितल्या, एक वाचायला आणि एक जपून ठेवायला. गुरुजींनी ‘शाळेसाठी’ म्हणून एक. मी वही काकांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून चौदाही नावं वाचली आणि म्हणाले, “आता यायच्यापाशी पाच-पाच रुपये ॲडव्हान्स माग.”

अर्थशास्त्रात ‘मागणी’ आणि ‘प्रभावी मागणी’ असे दोन शब्द आहेत. कॉलेजच्या सरांनी दोन तास घेऊनही त्यांतला फरक माझ्या डोक्यात शिरला नव्हता. तो काकांनी पाच रुपयांत शिकवला. कंपाउंडर म्हणाला, “पगार झाला की देतो नं जी.” शिंप्याचा पोरगा म्हणाला, “आधी अंक तर येऊ दे, कव्हर पाहतो.” कृषी केंद्रवाल्याच्या थोरल्याचं सगळं येणं सोयाबीन निघाल्यावरचं होतं. गुरुजींनी शाळेच्या वतीने ठराव करायला मुदत मागितली. पाचवीतल्या एका पोराने तेवढं पाचचं नाणं खरोखर आणून दिलं, आणि संध्याकाळी त्याची आई ते परत घेऊन गेली.

काकांनी एक प्रत मागवली.

ती आली त्या दिवशी बाकड्यावर जागा नव्हती. अंक चांगला जाडजूड होता. काकांनी तो हातात तोलला, अंगठ्याने पानं फरफरवली, आणि आमच्या डोळ्यांदेखत स्क्रूड्रायव्हर घेऊन त्याच्या पिना उचकटल्या. सभेतून ‘अरे अरे’ असा आवाज उठला. काका शांतपणे अंकाचे दोन भाग करत होते. सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावून त्यांनी दोन्हीकडे नवा कणा बसवला, जाड पुठ्ठ्याची कव्हरं चिकटवली आणि वर खडूने लिहिलं, ‘भाग 1’ आणि ‘भाग 2’. भाडं प्रत्येकी एक रुपया.

मी घरी जाऊन हिशेब केला. अख्खा अंक भाड्याने देताना छापील किमतीत जितके रुपये, तितकी पोरं वाचेपर्यंत भांडवल मोकळं होत नाही. दोन भाग केले की तेच काम निम्म्या पोरांत होतं, आणि शिवाय एका वेळी दोन गिऱ्हाईकं अडकून राहतात. याला आमच्या पुस्तकात ‘खेळतं भांडवल’ म्हणतात. सायकलवाल्याचं भांडवल खेळणार नाही तर कोणाचं? पहिला भाग वाचलेल्याला दुसऱ्यावाचून झोप येत नसे. दुसरा आधी हाती लागलेले पहिल्याच्या रांगेत उभे राहत. कंपाउंडरने तर शेवट आधी वाचला, आणि गावभर सांगायची धमकी देऊन काकांकडून सुरुवात फुकट मिळवली. दोन महिन्यांत पैसे वसूल झाले. ते झाल्यावरही अंक फिरतच राहिला.

दिल्लीत बसलेल्या प्रकाशकाच्या वहीत मात्र अल्लीपूरचा खप किती लागला असेल? एक. गावात शंभराच्या वर वाचक, पंधरा तज्ज्ञ, आणि गिऱ्हाईक एक, तेही सायकलवाला.

पेटी राहिली. एसटीडीचं खोकं आलं नाही, ते बरंच झालं. मोबाइल आले तशी गावातली तीनही खोकी पेटीच्या आधी गेली. मुलगी बारावी होऊन डी.एड. झाली. पेटी पुढे आपोआप रिकामी होत गेली. कोणी अंक परत करेना, आणि काकाही मागेनात.

आता 2020 नंतर जुन्या अंकांची पुनर्मुद्रणं निघू लागली आहेत. वीर अजून एकत्र आहेत. राज कॉमिक्स हे नाव मात्र आता दोन भावांच्या नावांनी वेगवेगळं छापून येतं. जे तेव्हा पाच रुपये देत नव्हते ते आता नोकरीधंद्याला लागलेत, केस पांढरे झालेत, आणि मोबाइलवरून आगाऊ पैसे भरून पार्सल मागवतात. मागच्या महिन्यात कंपाउंडर (आता त्याचं स्वतःचं मेडिकल आहे) असंच एक पार्सल घेऊन बँकेत माझ्या काउंटरवर आला. तीच जाडी, गुळगुळीत कागद, वर प्लास्टिक. किमतीत काकांची अख्खी पेटी आली असती. योगायोगाने काका पासबुक भरायला रांगेत होते.

“वाचलं का?” काकांनी विचारलं.

“नाही जी. प्लास्टिक काढलं की किंमत जाते.”

काकांनी अंक हातात घेतला, तोलला, आणि प्लास्टिकवरूनच कण्यावर अंगठा फिरवला.

“कागद जाड हाय आता,” ते म्हणाले. “याचे तीन भाग होते आरामात.”

कंपाउंडरने अंक झटकन परत घेतला आणि पिशवीत घातला.