मूळचा रंग कोणता?

आमच्या परसात चिंचेखाली एक ट्रक उभा आहे. गल्लीला त्याची इतकी सवय झाली आहे की नवख्या माणसाला आमचे घर 'फार्गोवाल्यांचे' म्हणूनच दाखवतात. गेल्या उन्हाळ्यात मी घरात जाहीर केले, की हा ट्रक आपण नीट करू या. आई हसली. अण्णा काही न बोलता ताटावरून उठले. भंगारवाला त्यांच्याशी किलोवर भाव ठरवून गेला होता, हे मला नंतर कळले.

फार्गो हे नाव आता फारसे कोणाच्या कानांवर नसेल. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार झाला आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, डिसोटो, फार्गो अशा नावांचे ट्रक बाहेर पडू लागले. नावे तीन, पण अंग जवळजवळ एकच. जुळ्या भावंडांना निराळ्या टोप्या घालाव्यात तसा प्रकार! आमच्या आबांनी फार्गो घेतला १९५७ साली. त्या काळी पुष्कळदा कारखान्यातून चासी, इंजिन आणि पुढचा दर्शनी पत्रा एवढेच यायचे. केबिन आणि मागचा हौदा ज्याने त्याने आपल्या गावी बांधून घ्यायचा. आमची केबिन सागाची, हौद्याच्या फळ्या बाभळीच्या, आणि दोन्ही आमच्याच पेठेतल्या सुताराच्या हातच्या. म्हणजे अमेरिकन घराण्याचा हा ट्रक निम्मा कोल्हापुरीच म्हणायचा.

आबा गेले आणि ट्रक उभा राहिला तो राहिलाच. पावसाने त्याची काय दशा केली ते काय सांगावे! लोखंडाला प्राणवायू आणि ओल एकत्र भेटली की गंज धरतो, एवढे शाळेत सगळेच शिकतात. परंतु गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून त्याचे पोपडे सुटतात आणि खालचे नवे लोखंड पुन्हा उघडे पडते, ही खरी मेख आहे. अॅल्युमिनियमवर धरलेला थर त्या धातूला चिकटून राखण करतो. लोखंडाच्या नशिबी ते सुख नाही. मडगार्डावर बोट दाबले तर बोट आरपार जाई.

कामाला हाताशी एक म्हातारे मिस्त्री मिळाले. मुलगी पाना धरणार म्हटल्यावर त्यांनी एकदा वर पाहिले आणि बारा नंबरचा पाना हातात दिला. एवढीच काय ती चर्चा झाली. जाम झालेल्या नटांना डिझेल पाजायचे, रात्रभर मुरू द्यायचे, सकाळी हलके ठोके द्यायचे, आणि तरीही हटला नाही तर गॅसची ज्योत. बिजागऱ्या, क्लॅम्प, कड्या अशा लहान वस्तूंसाठी मिस्त्रींनी निराळाच उपाय काढला. एका पिंपात एक भाग काकवी, नऊ भाग पाणी, आणि त्यात दोन आठवडे भिजत. अॅल्युमिनियम किंवा जस्ताची वस्तू मात्र त्यात टाकायची नाही, असे त्यांनी बजावले. गुऱ्हाळातून काकवी आणली तेव्हा शेजारच्या काकू वाटी घेऊन आल्या होत्या! पिंपाला असा आंबूस दर्प सुटला की चिंचेखाली मुंग्या आणि गांधीलमाश्यांची जत्रा भरली. पण पंधराव्या दिवशी बाहेर काढलेली बिजागरी ब्रशने घासली तर करडी, स्वच्छ निघाली. ज्या गाडीने जन्मभर ऊस आणि गुळाचे रवे वाहिले, तिचा गंज काकवीनेच उतरावा, हे मला फार आवडले.

आता 'जुना ट्रक मूळ रूपात आणणे' म्हणजे काय, हा प्रश्न उभा राहिला. जुन्या वाहनांसाठी २०२१ साली केंद्र सरकारने नियम केले. पन्नास वर्षांवरील दुचाक्या आणि मोटारी त्यात बसतात. ट्रकला जागाच नाही. वर अट अशी, की चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. आमच्या फार्गोचे मूळचे पेट्रोल इंजिन आबांनीच कधी काळी काढून सहा सिलिंडरचे पर्किन्स डिझेल इंजिन बसवले. त्यासाठी आजीच्या पाटल्या गेल्या. "या गाडीनं आईचे हात मोकळे केले," असे अण्णा म्हणत, आणि त्या वाक्यापुढे घरात कोणी बोलत नसे. मूळ रूपच हवे, तर ते इंजिन फेकावे लागेल. मग पाटल्या कोणत्या खात्यावर मांडायच्या? पोटासाठी राबलेल्या वस्तूचे मूळ रूप शोधू नये, असे मला तरी वाटते.

रंगाचेही तेच. पॉलिश पेपर फिरवला की वरचा भगवा जाई, खाली पिवळा, त्याखाली निळा, सर्वांत तळाशी हिरवा. निळा १९७२च्या दुष्काळातला, एवढे मिस्त्रींना ठाऊक होते. तेव्हा ट्रक रोजगाराच्या कामावर खडी वाहत होता.

फाळका मी शेवटी घेतला. निळ्याखालून पांढरी अक्षरे दिसू लागली. ट्रकवाले मुलांची नावे लिहितात तशी तीन नावे होती. पहिले आत्याचे, दुसरे अण्णांचे. तिसरे मी कधी ऐकले नव्हते. मी ते मोठ्याने वाचले.

अण्णा पडवीतून उठून आले. तोवर त्यांनी ट्रकला बोट लावले नव्हते. बराच वेळ ते उभे राहिले आणि म्हणाले, "धाकटा होता. गोवरानं गेला. दुसऱ्या दिवशी आबांनी फाळका रंगवला. बाकीची गाडी मागनं रंगवली, आधी फाळका." मी पॉलिश पेपर खाली ठेवला. माझ्या वडिलांना एक भाऊ होता, हे मला वयाच्या विसाव्या वर्षी एका फाळक्याने सांगितले.

बाकी सगळ्या गाडीला आता रेडऑक्साइड मारले आहे. फाळका तसाच आहे, चारही रंगांसकट. मिस्त्री म्हणाले, उघडा राहिला तर पुन्हा गंजेल, जवसाचे तेल चोळा. अण्णांनी तेल स्वतः आणले, जुन्या धोतराचा बोळा केला आणि अक्षरांवरून सावकाश फिरवला. मग हात पुसत बॉनेटकडे पाहून विचारले, "रेडिएटर कधी बसवणार तुम्ही?"