लाल हापसा, हिरवा हापसा

ढाक्याहून पूर्वेकडे निघालं की तासा-दोन तासांत एक तालुका लागतो. त्याचं नाव आडाईहजार. बंगालीत अडीचला 'आडाई' म्हणतात, म्हणजे गावाचं नावच अडीच हजार! भाताची खाचरं, तळी, केळीची झाडं आणि मधूनच यंत्रमागांची खडखड. आपल्या मालेगावच्या माणसाला इथं फारसं परकं वाटणार नाही.

घरोघरी अंगणात एक हापसा असतो. तो सरकारी नसतो बरं का, त्या घरानं स्वतःचे पैसे घालून बसवलेला असतो. पूर्वी लोक तळ्याचं पाणी प्यायचे आणि हगवणीनं लहान मुलं दगावायची. म्हणून 1970 नंतर बांगलादेशात हापसे वाढले. थंडगार, नितळ पाणी! पण 1993 मध्ये कळलं, की काही हापशांच्या पाण्यात आर्सेनिक आहे. त्याला ना रंग, ना वास, ना चव. उकळलं तर पाणी आटतं, आर्सेनिक तेवढंच राहतं.

हे विष कुणी टाकलं? कुणीच नाही. हिमालयातून नद्यांनी आणलेल्या गाळात लोखंडाच्या कणांना ते चिकटलेलं होतं. जमिनीखाली पालापाचोळा कुजतो, तिथला प्राणवायू संपतो, मग लोखंड विरघळतं आणि आर्सेनिक पाण्यात सुटतं.

2000 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले संशोधक आणि विद्यार्थी ढाक्यातल्या सहकाऱ्यांबरोबर इथं कामाला लागले. त्यांचा विषय पर्यावरणीय आरोग्यशास्त्र. डॉक्टर विचारतो, "कुठं दुखतंय?" हे लोक विचारतात, "पाणी कुठलं पिता? किती वर्षं?" ऐकायला सोपं वाटतं, पण दिवसभर उन्हातान्हात अंगणं पालथी घालावी लागतात. हापसा थोडा वेळ चालवून जुनं पाणी काढून टाकायचं, मग बाटली भरायची. त्यात थोडं आम्ल घालायचं, नाहीतर लोखंडाचा गंज तळाशी बसतो आणि आर्सेनिकही त्याच्याबरोबर खाली जातं. बाटलीवर क्रमांक, वहीत क्रमांक, हापशाची खोली, जागेचे अक्षांश-रेखांश. घरच्यांच्या लघवीचे नमुनेही घ्यायचे, कारण शरीरात किती आर्सेनिक गेलं ते तिथं कळतं. (हे मागताना नवख्या विद्यार्थ्याचे कान लाल होत असणार!) शिवाय बंगाली यायला हवं, नाहीतर आजीबाई दारातूनच परत पाठवायच्या.

अवघ्या 25 चौरस किलोमीटरमध्ये त्यांनी सुमारे 6,000 हापसे तपासले. निकाल चक्रावून टाकणारा होता. एका अंगणातलं पाणी चांगलं, तर शेजारच्या अंगणातलं विषारी! बांगलादेशात लिटरला 50 मायक्रोग्रॅमपर्यंत आर्सेनिक चालतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, 10 च्या वर नको. सुमारे 12,000 मोठ्या माणसांच्या तब्येतीची नोंद सुरू झाली. दहा वर्षांच्या 201 मुलांना कोडी घालून त्यांची बुद्धी कशी चालते तेही पाहिलं. 2004 मध्ये ते निष्कर्ष छापून आले. जास्त आर्सेनिकचं पाणी पिणाऱ्या मुलांना त्या चाचण्यांत कमी गुण पडले होते.

त्याच सुमारास देशभर हापसे रंगवले गेले. विषारी तो लाल, चांगला तो हिरवा. लाल हापशाचं पाणी भांडी घासायला चालतं, प्यायला नाही. आता प्यायचं पाणी कुठून आणायचं? हिरवा हापसा बहुतेकांना शंभर मीटरच्या आतच होता. पण तो दुसऱ्याच्या अंगणात! रोज घागर घेऊन जायचं म्हणजे शेजारच्या काकूंचा मूड सांभाळायचा, आणि सून नवी असेल तर सासूची परवानगीही हवी. असलं काही बाटलीतल्या नमुन्यात सापडत नाही. ते अंगणात बसून, चहा पीत, ऐकूनच कळतं. तरीही पुष्कळ घरांनी हापसा बदलला.

पुढे पावसापाण्यानं रंग उडाला. लोकांनी नवे हापसे खणले, तेही न तपासता. 2012-13 मध्ये त्याच 25 चौरस किलोमीटरमध्ये पुन्हा मोजणी झाली, तेव्हा हापसे 10,000 च्या वर गेले होते! मग पुन्हा एकेक अंगण, एकेक हापसा. या वेळी रंगाऐवजी पत्र्याच्या पाट्या लावल्या.