निनांवी लेसरची शक्ति

मुंबईंत लॅमिंग्टन रोडवर विजेच्या सुट्या भागांचीं जीं दुकानें आहेत, त्यांत हरभऱ्याच्या दाण्याएवढी, तीन पायांची, वर कांचेची बारीक खिडकी बसविलेली एक धातूची डबी मिळते. हिलाच लेसर डायोड म्हणतात. हिचा व्यास बहुधा ५.६ मिलिमीटर. एवढ्याशा अंगावर कारखानदार छापणार तरी काय? छापलेंच तर एखादें सांकेतिक चिन्ह असतें, आणि त्याचा अर्थ ज्याच्यासाठीं माल बनविला त्या यंत्रवाल्यालाच ठाऊक. पुढें तें यंत्र मोडींत निघतें, डबी सुटी होऊन पिशवींत पडते, आणि पिशवीवर दुकानदार 'आय. आर. लेसर' एवढेंच लिहितो. किती मिलिवॅटचा, असें विचारलें तर ग्राहकाच्या चेहऱ्याकडे पाहून त्याला रुचेल ती संख्या सांगतो.

आमचा धाकटा पुतण्या अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षास आहे. त्यानें अशी बारा डब्यांची पिशवी घरीं आणली, तेव्हांपासून त्यांची शक्ति किती हा प्रश्न आमच्या घरांत वादाचा होऊन बसला आहे. घरांत लहान मुलें पांच. आणि माडीवरच्या टेबलावर कांहीं चकाकलें कीं तीं आधीं त्यांत डोळा घालणार, हें मुलांबाळांच्या घरांतील कोणासही सांगावयास नको.

पुतण्याचें पहिलें म्हणणें मोठें सरळ होतें. तो म्हणाला, "काका, एक लावून पाहिला. भिंतीवर अगदीं मंद तांबडा ठिपका पडतो. म्हणजे शक्ति नगण्यच असणार." घरांतील दिव्यांविषयीं हें अनुमान कोणीही मान्य करील. पण येथें तें मुळांतच चुकतें, कारण साक्षीदारच आंधळा आहे.

मनुष्याचा डोळा सर्व रंगांस सारखा जागा नसतो. हिरवट पिंवळ्या उजेडास, म्हणजे सुमारें ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीस, तो सर्वाधिक संवेदनशील. तेथून तांबड्याकडे जातां जातां त्याची शक्ति झपाट्यानें ढासळते. डीव्हीडी वाचणारा तांबडा लेसर ६५० नॅनोमीटरचा आणि सीडी वाचणारा अवरक्त लेसर ७८० नॅनोमीटरचा. आंकड्यांनीं यांचें अंतर थोडें वाटतें. परंतु प्रमाणित दृष्टिकोष्टकाप्रमाणें ६५० च्या मानानें ७८० नॅनोमीटरचा उजेड डोळ्यास सुमारें सातहजारपट फिका दिसतो. म्हणजे ५ मिलिवॅटचा अवरक्त झोत तांबड्याच्या एका मायक्रोवॅटहूनही मंद भासावयाचा! ८०८ नॅनोमीटरला तर याहून अंधार. तेव्हां भिंतीवर मंद कां होईना, ठिपका दिसला, यावरून शक्ति नगण्य नसून बरीच असावी असाच तर्क करणें अधिक प्राप्त आहे.

बरें, डोळ्यास दिसला नाहीं म्हणून तो किरण बाहेरच थांबतो असें नाहीं. सुमारें १४०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश बुबुळांतून निर्वेध आंत जातो, आणि डोळ्याचें भिंग त्यास दृष्टिपटलावर एका बिंदूंत गोळा करतें. तेथें त्याची तीव्रता लाखपटीपर्यंत वाढूं शकते. झगझगीत उजेड पडला कीं पाव सेकंदांत पापणी मिटते, ही निसर्गाची राखण. पण जें दिसतच नाहीं त्यासाठीं पापणी मिटावी कशी? दृष्टिपटलास वेदनाही नाहीं. भाजलेलें कळतें तें पुढें वाचतांना मधलें अक्षर दिसेनासें झालें म्हणजे. हा धोका केवळ सुट्या डबीपुरता नाहीं. बाजारांतील स्वस्त हिरव्या लेसर-काड्यांच्या पोटांत ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त डायोडच असतो. स्फटिकांच्या साह्यानें त्याचा हिरवा उजेड करतात. अमेरिकेंतील राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेनें २०१० सालीं अशा एका काडीची तपासणी प्रसिद्ध केली. १० मिलिवॅटची म्हणून विकलेल्या त्या काडीचा हिरवा उजेड फिका होता, पण तिच्यांतून जवळजवळ २० मिलिवॅट अदृश्य अवरक्त बाहेर पडत होतें. काडी कमजोर म्हणून एखादें पोर ती डोळ्याशीं धरून पाहील, आणि अनर्थ होईल तो त्याच क्षणीं.

हें ऐकल्यावर आमच्या वहिनींनीं पिशवी उचलून कपाटांत ठेविली व किल्ली आपल्या कमरेस खोंचली. "मोजायच्या तर कॉलेजांत मोज," असा त्यांचा निकाल झाला, आणि त्यावर घरांत कोणी अपील केलें नाहीं.

वीज न लावतां कांहीं कळतें का, हें मात्र घरीं पाहतां आलें. खिडकींतून सूक्ष्मदर्शकानें पाहिलें असतां आंतील चकती दिसते. तिला जोडलेली सोन्याची तार एकच असेल तर प्रवाह थोडा. तीनचार असतील तर प्रवाह मोठा, हें उघड आहे. प्रकाश जेथून निघतो ती पट्टी तीनचार मायक्रोमीटर रुंद असेल तर डायोड सीडीयंत्राच्या जातीचा. ती पन्नास-शंभर मायक्रोमीटर असेल तर तो वॅटच्या घरांतला समजावा. मोबाईलच्या कॅमेऱ्यांत अवरक्त पांढुरकें जांभळें दिसतें खरें. पण प्रत्येक कॅमेऱ्यापुढील गाळणी निराळी, म्हणून त्यानें झोत आहे एवढेंच ठरतें, किती आहे हें ठरत नाहीं.

पुढचें काम महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंत झालें. तेथें त्या तरंगलांबीचा आंकडा छापलेला चष्मा होता. उन्हाचा काळा चष्मा येथें उपयोगी नाहीं. त्यामागें बाहुली उलट अधिक विस्फारते. डायोडमधून प्रवाह थोडाथोडा वाढवीत जावें, आणि झोत काळ्या चकतीवर पाडून ती किती तापते यावरून शक्ति मोजावी. आरंभीं साध्या दिव्यासारखा विखुरलेला क्षीण प्रकाश निघतो. एका ठराविक प्रवाहास लेसरक्रिया सुरू होते, आणि तेथून शक्ति सरळ रेषेनें चढूं लागते. या उंबरठ्यावरून जात ओळखावी, असें पुस्तकी माणसास वाटतें. पण गंमत अशी कीं, ५ मिलिवॅटचा वाचणारा डायोड आणि शंभराहून अधिक मिलिवॅटचा लिहिणारा डायोड, दोहोंचा उंबरठा तीसचाळीस मिलिअँपियरच्या आसपासच असूं शकतो! भेद दिसतो तो रेषेच्या चढांत. लिहिणाऱ्याचा चढ अधिक, कारण त्याच्या पुढच्या टोंकावर प्रकाश बाहेर सोडणारा लेप दिलेला असतो. वॅटवाल्याचा उंबरठा मात्र दोनतीनशें मिलिअँपियरवर, म्हणून तो वेगळा कळतो.

आतां खरा पेंच. रेषा चढत आहे तोंवर थांबलों, तर डायोड निदान इतकी शक्ति देतो एवढें कळलें. त्याची मर्यादा कोठें? पुतण्या म्हणे, एक डायोड बळी देऊं; प्रवाह वाढवीत जाऊं; जेथें तो मरेल त्याच्या थोडें अलीकडे सीमा मानूं. आम्हांस हें पटलें नाहीं. अति शक्तीनें टोंकाची कड क्षणार्धांत वितळते, आणि डायोड साधा मिणमिणता दिवा होऊन राहतो. परंतु एकाच्या मरणावरून दुसऱ्याचें आयुष्य कसें ठरवावें? कारखानदार जो आंकडा छापतो तो डबीच्या पोटांतला एखादा गुणधर्म नव्हे. अनेक नमुने ठराविक तपमानांत हजारों तास जाळून, इतक्या शक्तीवर हे इतके दिवस टिकतील, असें त्यानें दिलेलें तें वचन असतें. डबीवरील नांव गेलें कीं तें वचनही गेलें. मापयंत्रानें तें परत मिळत नाहीं. शिवाय पिशवींतील माल एकाच कारखान्याचा, याला तरी आधार काय?

बारांपैकीं एक मेलेलाच निघाला, आठ सीडीच्या जातीचे ठरले आणि तीन वॅटवाले. हे तीन वहिनींच्या कपाटांतून अद्याप पुन्हा बाहेर आलेले नाहींत. ५०० मिलिवॅटवरील लेसरला आंतरराष्ट्रीय नियम सर्वांत घातक अशा चवथ्या वर्गांत घालतात, आणि त्याचा भिंतीवरून परतलेला उजेडही डोळ्यास बाधूं शकतो. उरलेल्या प्रत्येक डबीस पुतण्यानें कागदाची चिठ्ठी बांधली आहे. तींत तरंगलांबी, उंबरठा, आणि कोणत्या प्रवाहापर्यंत तपासली हें लिहिलें. 'शक्ति' या शब्दापुढें आंकडा घालूं नये असें आमचें मत, घालावा असा त्याचा हट्ट. अखेर आंकड्याच्या आधीं 'निदान' हा शब्द घालण्यावर तडजोड झाली. तो त्यानें बारीक अक्षरांत लिहिला होता. वहिनींनीं सर्व चिठ्ठ्या परत घेऊन तेवढाच शब्द तांबड्या शाईनें मोठा करविला.