दुसऱ्याच्या तोंडचं वाक्य

रविवारच्या मिस्सात, म्हणजे आमच्या सामूहिक उपासनेत, प्रवचन संपतं, सगळे उभे राहून आपल्या श्रद्धेचा उच्चार करतात, आणि मग एखादी मुलगी किंवा एखादे काका हातात कागद घेऊन वेदीजवळच्या माइकपाशी जातात. चार-पाच हेतू वाचले जातात आणि प्रत्येकानंतर सगळं देऊळ म्हणतं, ‘हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक.’ ह्यांना विश्वासू लोकांच्या प्रार्थना म्हणतात. जेमतेम तीन मिनिटांचं काम. वसईतल्या आमच्या धर्मग्रामात ही वाक्यं बरीच वर्षं मी लिहिते आहे. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले, तेव्हा ‘बाईंचं मराठी चांगलं आहे’ एवढ्या भांडवलावर उपासना समितीने हे काम माझ्या गळ्यात घातलं.

खरं तर चांगलं मराठी ही ह्या कामातली पहिली अडचण. कागद वाचायला उभा राहणारा मुलगा इंग्रजी शाळेतला. घरी कादोडी किंवा वाडवळी बोलतो, मित्रांत हिंदी, आणि देवनागरी अक्षर आठवड्यातून एकदाच, तेही देवळातच बघतो. ‘अंतःकरणपूर्वक’ हा शब्द दिसला की तो आधी थांबतो, मग धावत सुटतो. एकदा तो अडखळला की सगळ्या देवळाचं लक्ष देवावरून उठून त्याच्यावर जातं, त्याच्या आईचं तर जातंच जातं. म्हणून मी लिहून झालं की मोठ्याने वाचते, आणि माझा श्वास जिथे संपतो त्याच्या बराच आधी वाक्य संपवते. मुलाचा श्वास माझ्यापेक्षा लांब असतो म्हणा, पण भीतीने तो अर्धा होतो.

वाक्याचा घाट ठरलेला आहे. आधी कोणासाठी, मग काय मागायचं, आणि शेवटी ‘म्हणून आपण प्रार्थना करू या’. हे शेपूट मी कधीच बदलत नाही. शाळेत हीच पुनरुक्ती मी लाल शाईने अधोरेखित केली असती. पण शेवटच्या बाकावरच्या आजीला मधलं सगळं नीट ऐकू येत नाही, तिला हे ओळखीचं शेपूट तेवढं ऐकू येतं आणि ती बरोबर वेळेवर उत्तर देते. शैलीसाठी तिला गप्प बसवणारी मी कोण?

हा विधी फार जुना आहे. इसवी सन 155 च्या सुमारास जस्टिन नावाच्या रोममधल्या लेखकाने सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती लोकांची बाजू मांडली. त्यात तो सांगतो, की वाचन आणि उपदेश झाला की आम्ही सगळे उठतो आणि मिळून प्रार्थना करतो. पुढे रोमन मिस्सामधून ही प्रथा जवळजवळ नाहीशी झाली. उरली ती शुभ शुक्रवारच्या उपासनेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये ती परत आणायला सांगितलं, आणि थोड्याच वर्षांत मिस्सा लॅटिनमधून लोकांच्या भाषांत आली. क्रमही नेमून दिलेला आहे : आधी ख्रिस्तसभा, मग राज्यकर्ते आणि जग, मग पीडलेले लोक, मग आपली स्थानिक मंडळी. वाक्यं थोडक्या शब्दांत असावीत, त्यांत साऱ्या समाजाची विनवणी यावी, अशी सूचना आहे. थोडक्यात, ह्या लेखनात ‘मी’ला जागा नाही. श्रद्धेची अभिव्यक्ती म्हटलं की लोकांना कवीचा उमाळा आठवतो. माझ्या वाट्याला आलेली अभिव्यक्ती अशी, की ती वाचणाऱ्याला स्वतःची वाटली पाहिजे आणि ऐकणाऱ्यालाही. लिहिणारीचं नाव कोणाच्या डोक्यात आलं, तर त्या आठवड्यात काहीतरी बिनसलं असं समजायचं.

पण गाव म्हटलं की सूचना येणारच. मिस्सा सुटल्यावर कोणीतरी गाठतं. ‘बाई, जमिनी विकून बिल्डरला देतात ना, त्यांना अक्कल यावी म्हणून एक लिवा.’ सांगणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नेमका माणूस असतो, आणि तो तिसऱ्या बाकावर बसतो हे त्याला माहीत असतं, मलाही माहीत असतं. असली प्रार्थना देवाच्या खांद्यावरून तिसऱ्या बाकाकडे बघून म्हटली जाते. ती मी लिहीत नाही. मात्र विषय सोडूनही चालत नाही, कारण वसईत हा प्रश्न घराघरात आहे. विहिरींना खारं पाणी लागलं, केळी आणि पानवेली मागे पडल्या, मुलं सकाळची लोकल पकडून चर्चगेटला जातात, आणि बापाच्या मागे वाडी कोण शिंपणार हे कोणालाच ठाऊक नाही. शेवटी मी लिहिलं : ‘जमीन राखावी की विकावी ह्या पेचात सापडलेल्या घरांसाठी : त्यांना शांतपणे विचार करायला वेळ मिळावा आणि भावाभावांत अबोला येऊ नये, म्हणून आपण प्रार्थना करू या.’ सूचना करणारे गृहस्थ नाराज झाले. तिसऱ्या बाकावरचे मात्र त्या दिवशी मोठ्याने उत्तर देत होते, आणि त्यांच्या मागच्या बाकावरचे त्यांचे भाऊही.

राज्यकर्त्यांसाठीचा हेतू सर्वांत फसवा. पौलाच्या नावाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात राजांसाठी आणि सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितलं आहे. ते राजे म्हणजे रोमचे, ख्रिस्ती लोकांना छळणारे. तिथून हा हेतू आपल्याकडे आला. ‘आपल्या पुढाऱ्यांना सद्बुद्धी मिळो’ असं लिहिलं, की निवडणुकीच्या दिवसांत सगळं देऊळ जोरात उत्तर देतं, कारण प्रत्येकाच्या मनात दुसऱ्याचा पुढारी असतो. मी आता कामाचं लिहिते. पाणी, रस्ता, दवाखाना ज्यांच्या सहीवर अडतो, त्यांना सही करताना तिची वाट पाहणारा माणूस दिसावा, एवढंच. ह्यात पक्ष आणता येत नाही. आणि आमच्यातलेच काही जण सरकारी खुर्चीवर बसतात, त्यांनाही चुळबुळावं लागतं.

नेमकं किती नेमकं असावं, हा माझा दर आठवड्याचा झगडा. ‘सर्व आजारी व दुःखी लोकांसाठी’ ह्या शब्दांत सगळे येतात आणि कोणीच हलत नाही. उलट ‘डायलिसिसवर असलेल्यांसाठी’ असं लिहिलं, की गाव लहान, सगळ्यांच्या माना एकाच बाकाकडे वळतात. मधली वाट शोधावी लागते. ‘ज्यांना आज रात्री दुखण्यामुळे झोप लागणार नाही त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या उशाशी जागणाऱ्यांसाठी.’ इथे मान कुठे वळवायची हे कळत नाही, पण घरी जाताना जो तो कोणाचा तरी विचार करत जातो.

1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची समुद्रातली मासेमारी बंद असते. बोटी परत निघतात त्या सुमारास मी ‘समुद्र शांत असावा, वारा अनुकूल असावा’ असं काहीसं लिहीत असे. किनाऱ्यावर राहून समुद्राबद्दल लिहिणाऱ्याचं मराठी असंच असतं. एका कोळीदादांनी ते वाचून म्हटलं, ‘वाऱ्याचं आमी बगू. डिझेल सुटंल एवढी मासली येवदे, ते मागा.’ पुढच्या वर्षी डिझेल प्रार्थनेत आलं. फादरांनी कागद वाचला, चष्मा वर केला आणि काही न बोलता परत दिला. त्या रविवारी कोळीवाड्याच्या बाकांवरून आलेलं उत्तर छताला लागलं.

ह्या कामात माझे गुरू कोण असं कोणी विचारलं, तर मी फादर थॉमस स्टीफन्स यांचं नाव घेते. हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात उतरला आणि 1619 मध्ये तिथेच वारला. मधली बहुतेक वर्षं गोव्यातल्या साष्टीच्या गावांत गेली. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं सुटली होती आणि हातात नवीन काही नव्हतं. पुस्तकाच्या आरंभी त्याने लिहूनच ठेवलं आहे, की एका ब्राह्मण ख्रिस्त्याने नव्या पुराणाची मागणी केली. त्यातून ‘ख्रिस्तपुराण’ झालं : अकरा हजारांच्या आसपास ओव्या, 1616 मध्ये राचोलला रोमन लिपीत छापलेल्या. त्याने मराठीची थोरवी गाइली त्या ओव्या सगळे सांगतात, भाषादिनाला तर हमखास. मला त्याचं दुसरं काम मोठं वाटतं. परदेशातून आलेला, लॅटिनमध्ये शिकलेला हा माणूस साष्टीच्या शेतकऱ्याच्या श्वासात बसला. ओवीची तीन चरणांची झेप आणि चौथ्यात टेकणं हे त्याने जसंच्या तसं घेतलं, कारण रविवारी-सणाला देवळात ते दुसरंच कोणीतरी मोठ्याने वाचणार होतं. आवृत्त्या निघत राहिल्या, 1649, 1654. मग 1684 मध्ये पोर्तुगीज सरकारने लोकांच्या भाषेवर बंदीचा हुकूम काढला. तरी ओव्या टिकल्या, कारण त्या लोकांच्या तोंडात होत्या.

रेव्हरंड ना. वा. टिळक आमच्या पंथाचे नव्हेत, प्रोटेस्टंट. पण त्यांची भजनं आमच्याही देवळात म्हणतात आणि म्हणताना पंथ आठवत नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य 1919 मध्ये त्यांच्या मृत्यूने अर्धवट राहिलं आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पुरं केलं. धाडस मोठं, ह्यात शंका नाही. तरी माझं मत विचाराल तर लक्ष्मीबाईंचं खरं ख्रिस्ती लेखन म्हणजे त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’. त्यात उपदेश जवळपास नाही. वडिलांचं सोवळं, नवऱ्याचा विक्षिप्तपणा, घरात येऊन राहिलेली परकी पोरं, आणि स्वतःवर खदखदून हसणारी एक बाई. कोणाचाही सूड तिने लेखणीने घेतला नाही, आणि घ्यायला कारणं पुष्कळ होती. श्रद्धा वाक्यात कुठे दिसते असं कोणी विचारलं, की मी हे पुस्तक पुढे करते.

आता एक अवघड गोष्ट. ज्या आठवड्यात स्वतःला प्रार्थना सुचत नाही, त्या आठवड्यातही लिहिण्याचा शुक्रवार येतोच, आणि शनिवारी संध्याकाळच्या मिस्सापूर्वी कागद लागतोच. माझे यजमान हॉस्पिटलात होते तेव्हा देवाशी माझं फारसं बोलणं नव्हतं. कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून मी ‘त्यांच्या उशाशी जागणाऱ्यांसाठी’ लिहिलं आणि मुलाच्या हाती पाठवलं. रविवारी मी देवळात नव्हते. पण त्या वेळी सगळं देऊळ माझ्या वाक्याला उत्तर देत असणार, हे मला ठाऊक होतं. त्यातल्या कोणालाही ते वाक्य मी स्वतःसाठी लिहिलं आहे हे ठाऊक नव्हतं. तेव्हापासून ‘आतून आल्याशिवाय लिहू नये’ हा लेखकांचा नियम मी ह्या कामापुरता तरी बाजूला ठेवला आहे. कधी कधी आधी लिहायचं असतं, आतून यायचं ते मागाहून येतं, किंवा दुसऱ्याच्या तोंडून येतं.

शुभ शुक्रवारी मला सुट्टी. त्या दिवशीच्या दहा प्रार्थना ठरलेल्या, त्यांना हात लावायचा नाही. 2020 च्या एप्रिलमध्ये देवळं बंद होती आणि रोमहून साथीच्या काळासाठी एक जादा प्रार्थना आली होती, तेवढा अपवाद. मी त्या दहा प्रार्थना दरवर्षी शिष्येसारखी ऐकते. हेतू सांगतात, मग शांतता, मग प्रार्थना. ही शांतताच मुख्य. आमच्या रविवारच्या कागदावरही शेवटचा हेतू असाच असतो : थोडा वेळ शांत राहून आपण आपल्या वैयक्तिक हेतूंसाठी प्रार्थना करू या. तिथे मी पुढे काहीच लिहीत नाही. लोकांनी घरून जे आणलेलं असतं ते तिथे ठेवायचं. काही फादर मनात तीनपर्यंत मोजून पुढे जातात, ते मला आवडत नाही, आणि मी ते त्यांना सांगते.

हल्ली बऱ्याच ठिकाणी ह्या प्रार्थना मोबाइलवर तयार येतात. भाषा शुद्ध असते, हेतू बिनचूक असतात, आणि त्या नागपूरलाही चालतात आणि वसईतल्या नंदाखाललाही. त्यात तुमच्या गावची खारी विहीर नसते, डिझेल नसतं. म्हणून विनंती आहे. तुमच्या देवळात हे काम कोण करतं ते विचारा, आणि कोणी करत नसेल तर तुम्ही घ्या. मराठी फार चांगलं नसलं तरी चालेल. ठळक अक्षरात, कागदाच्या एकाच बाजूला लिहा, आणि वाचणाऱ्या पोराला शनिवारी बोलावून एकदा मोठ्याने वाचून घ्या.