खो-खोचं गाव धाराशिव

बालमित्रांनो, सोलापूरहून धाराशिवला जायचं, तर एस.टी. आधी तुळजापूरचा घाट चढते. बालाघाटच्या डोंगरात तुळजाभवानीचं देऊळ आहे. तिथं निम्मी गाडी रिकामी होते. आपण मात्र उतरायचं नाही बरं का! अजून वीसेक किलोमीटर पुढं जायचंय.

तुमच्या आईबाबांनी शाळेत भूगोलाच्या नकाशात ‘उस्मानाबाद’ शोधलं असेल. तेच हे गाव. २०२३ साली त्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं. गावाजवळ जुनी लेणी आहेत. जिल्ह्यात नळदुर्ग आणि परंड्याचे किल्ले आहेत, संत गोरोबाकाकांचं तेर आहे. ते सगळं सवडीनं बघाच. आज मात्र मी तुम्हाला मैदानावर नेणार आहे. पावसानं वरचेवर डोळे वटारलेला हा जिल्हा. पण खो-खोचं पीक इथं चांगलं येतं!

खो-खोला काय लागतं? दोन खांब, आखलेली जमीन आणि दमदार पाय. आठ जणी पाटीवर आळीपाळीनं उलटसुलट तोंड करून बसतात, नववी पाठलाग करते. पळणारीला बसलेल्यांच्या मधून इकडून तिकडं जायची मुभा असते. पाठलाग करणारीला ती नाही. एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागं फिरायचं नाही. नाहीतर पाठीमागून ‘खो’ द्यायचा आणि आपण तिच्या जागी बसायचं. म्हणजे एकटीनं कितीही पळा, वेळेवर खो दिला नाही तर गडी हाती लागत नाही.

याच मातीत सारिका काळे ही मुलगी खेळायला लागली. मामाबरोबर ती मैदानावर आली, तेव्हा ती तेरा वर्षांची होती. घरची परिस्थिती बेताची. वडिलांना फार काम होत नसे, आई शिवणकाम करायची. घर चालायचं ते आजी-आजोबांच्या कमाईवर. जवळजवळ दहा वर्षं दिवसातून एकदाच जेवण मिळायचं, असं तिनं पुढं सांगितलं. चांगलंचुंगलं खायला मिळायचं ते शिबिरात किंवा स्पर्धेला गेल्यावर! मुलांनो, रिकाम्या पोटी खांबाला वळसा घालून पळून बघा, म्हणजे कळेल.

२०१६ साली तर पैशांच्या ओढाताणीनं तिनं खेळ सोडायचंच ठरवलं. आजीनं ही गोष्ट प्रशिक्षक चंद्रजित जाधव सरांच्या कानावर घातली. सरांनी समजूत घातली आणि ती पुन्हा मैदानावर आली. त्याच २०१६ सालात गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिनं भारताच्या मुलींचं नेतृत्व केलं आणि संघानं सुवर्णपदक जिंकलं! पुढं तिला क्रीडा अधिकाऱ्याची नोकरी मिळाली, तीही जवळच, तुळजापूरला. २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या वाट्याला हा मान तब्बल २२ वर्षांनी आला होता. इतकी वर्षं या खेळात कुणी चांगलं खेळलंच नाही का? खेळलं की! पण क्रिकेटपटूंची नावं आपल्याला तोंडपाठ, आणि खो-खोवाल्यांची विचारली तर आपण डोकं खाजवतो.

आता काळ थोडा पालटलाय. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदेही होती. पाहिलंत? एकीनं दिलेला खो दुसरीपर्यंत पोहोचला!

पालकहो, “खेळून का पोट भरतं?” असं आपण सहज बोलून जातो. सारिकाताईला विचारा. तिला खेळानं आधी शिबिरातलं जेवण दिलं, मग नोकरी दिली. पण त्याआधी तिला मैदानावर नेणारा मामा होता, बोलकी आजी होती, हाक मारणारे सर होते. नुसत्या पायांच्या जोरावर हे झालं नसतं.

आणि मुलांनो, तुमच्याही वर्गात एखादी मुलगी असेल. पळायला वाऱ्यासारखी, पण मधल्या सुट्टीत डबा न उघडणारी. तिला तुमच्या डावात घ्या. आणि डाव सुरू होण्याआधी तुमच्या डब्यातली अर्धी भाकरी तिच्यापुढं करा.