धायरीहून द्राक्षमळे आणि समुद्र
धायरीतून निघणाऱ्या प्रवाशाला पुणे शहर, द्राक्षमळे आणि समुद्र एका सावकाश प्रवासात जोडता येतात. नाशिकच्या वाटेवर नारायणगाव लागते, जिथे शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात बाटलीतच पुन्हा आंबवलेली, म्हणून फसफसणारी वाइन करण्याचे धाडस केले. पुढे नाशिकच्या मळ्यांत एप्रिलची खरड छाटणी, जिच्यामुळे फळ धरणाऱ्या काड्या तयार होतात, आणि पावसाळ्याअखेरची फळछाटणी, जिच्यानंतर घड येतात, अशी दुहेरी मेहनत असते आणि ती पाहिल्यावरच वाइनच्या प्याल्याचे खरे मोल कळते. समुद्रासाठी मात्र पुण्याकडे परतून ताम्हिणी घाटातून किनाऱ्यावरच्या श्रीवर्धनला उतरावे आणि वाटेत मुळशीच्या जलाशयापाशी अवश्य थांबावे, कारण याच धरणाविरुद्ध सेनापती बापटांसह मावळचे शेतकरी १९२१ पासून सत्याग्रहात उतरले आणि तरीही त्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या.