घामाचा खेळ, दामाचा खेळ

मुलांना स्वतःची मते नसतात, असा आपला मोठ्या माणसांचा एक गोड समज असतो. परीक्षेत 'तुमचे मत लिहा' असा प्रश्न आला की बहुतेक मुले मार्गदर्शकातले मत उतरवून मोकळी होतात. पण अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत अधूनमधून एखादी वही अशी येते की लाल पेन खाली ठेवून ती दोनदा वाचावी लागते. यंदाच्या पावसाळ्यात अशीच एक वही हाती आली. विषय नेहमीचाच, 'माझा आवडता खेळ'. लिहिणारा दहावीतला, कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा, कबड्डीत चढाईला चपळ. त्याने कबड्डीवर चार ओळी लिहिल्या आणि उरलेली तीन पाने मोबाईलवरच्या खेळांवर खर्च केली.

त्याचे पहिले मत जाहिरातीविषयी होते. क्रिकेटचा सामना रंगात आला की पैसे लावून खेळायच्या खेळाची जाहिरात लागते. आपले आवडते खेळाडू हसत हसत बोलावतात आणि शेवटी एक आवाज सांगतो की यात आर्थिक जोखीम आहे, याची सवय जडू शकते. विडीच्या बंडलावर असतो तसला इशारा खेळावर कशाला, असे त्याने विचारले होते. कबड्डीत गुडघे फुटतात, तरी मैदानावर तसला फलक नसतो! वास्तविक हा इशारा जाहिरात क्षेत्रातल्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल या स्वयंनियमन संस्थेने १५ डिसेंबर २०२० पासून लागू केला होता. छापील जाहिरातीत त्याला किमान २० टक्के जागा द्यायची, अठरा वर्षांखालचे कुणी पैसे लावून खेळताना दाखवायचे नाही, कमाईचे साधन म्हणून खेळाची भलामण करायची नाही, असे ते नियम. पोराने नियम वाचले नव्हते. पण इशाऱ्याचा अर्थ त्याला नेमका कळला होता.

दुसरे मत नदीविषयी. आम्ही पैनगंगेच्या अलीकडचे, त्याचे आजोळ पलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात. भाषा एक, सोयरीक एक, कापूसही एकच. पण तेलंगणाने २०१७ साली जुगारविरोधी कायदा दुरुस्त करून पैशांचे ऑनलाइन खेळ, अगदी रमीसुद्धा, बंद केले. महाराष्ट्रात ते चालू राहिले. 'पुलाच्या या टोकाला ॲप म्हणते, तुमच्या राज्यात परवानगी नाही. त्या टोकाला तेच ॲप म्हणते, या, बसा. मग खेळ चांगला की वाईट, हे नदीला विचारायचे का?' असे त्याचे वाक्य होते. गंमत अशी की, रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, तो १९६८ साली प्रसिद्ध झालेला निकालही आंध्र प्रदेशातल्याच एका क्लबाच्या खटल्यातला. आदिलाबाद तेव्हा त्याच राज्यात होता. मात्र क्लबचा चालक या खेळातून नफा काढत असेल तर तो गुन्हा ठरू शकतो, असेही न्यायालयाने बजावले होते. कौशल्याचे वाक्य पुढे सर्वतोमुखी झाले. नफ्याचे वाक्य फारसे कुणी उच्चारले नाही.

तिसरे मत वाचले आणि मी त्याला कार्यालयात बोलावून घेतले. त्याचा मामेभाऊ रमीच्या कुठल्याशा ॲपवर कापसाचा सगळा चुकारा हरला होता. घरात बैलजोडी विकायची भाषा चालली होती. त्यावर या मुलाने लिहिले होते, 'घरचे त्याला जुगारी म्हणतात, ते मला पटत नाही. मृगाचा पाऊस येईल म्हणून कर्ज काढून सरकी टोबायची आणि भाव वाढेल म्हणून कापूस घरात भरून ठेवायचा, हा जुगार नाही का?'

मी त्याला मटक्याची गोष्ट सांगितली. मुंबईत पूर्वी 'आकडा' लावत, तो न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या आणि बंद होत्या भावांवर. लावणाऱ्यांपैकी कितीकांनी आयुष्यात बोंड पाहिले नसेल! १९६० च्या दशकाच्या आरंभी ते भाव येणे थांबले, पण खेळ थांबला नाही. मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडा ठरू लागला. "बघ," मी म्हणालो, "कापूस गेला तरी मटका राहिला. तुझ्या वडिलांचा कापूस काढून घेतला, तर शेती म्हणून काय उरेल? शेतात जोखीम आहे, पण जोखीम हाच शेतीचा माल नव्हे."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, पण पाऊस नाही आला तरी बी-खताच्या दुकानदाराचे पैसे बुडत नाहीत. व्याजवाल्याचेही नाही. हरतात ते बाबाच. ॲपमध्येही तसेच आहे ना? कुणीही हरो, चालवणाऱ्याचा वाटा ठरलेला."

एम.ए.पर्यंत मी जी पुस्तके वाचली, त्यांत याला उत्तर नव्हते. मी इतकेच म्हणालो, "म्हणूनच रे, घरात एक जोखीम बसलेली असताना दुसरी विकत कशाला आणायची?" त्याने मान डोलावली. पण तो गेल्यावर मला जाणवले की त्याच्या बोलण्यात मामेभावाच्या घसरण्याचे कारणही आले होते. ज्याला दर मृगाला नव्याने आशा धरायची सवय आहे, त्याला आशा विकणे फार सोपे जाते.

पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांना देशभर बंदी घालणारा कायदा केला. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे किंवा पन्नास लाख किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. जुलै २०२३ पासून भारतीय संघाच्या जर्सीवर असलेले ड्रीम इलेव्हनचे नाव उतरले आणि सप्टेंबरमधल्या आशिया चषकात आपला संघ प्रायोजकाच्या नावाविना खेळला. "सर, कोरी जर्सी बरी दिसत होती," असे आमचे चिरंजीव मला व्हरांड्यात सांगून गेले. लगेच पुढे जोडले, "पण खो-खोवाल्यांची जर्सी कशी होती, हे वर्गात कुणालाच आठवत नाही."

तेही खरेच. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही अंतिम सामन्यांत भारताने नेपाळला हरवले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, मराठी बोलणारे. पण आमच्या मुलांना त्यांची नावे सांगावी लागतात. जाहिरातीत दिसणाऱ्या खेळाडूंच्या बॅटचे वजनसुद्धा पाठ असते. जाहिरात केवळ वस्तू विकत नाही. कोण मोठा हेही तीच ठरवते.

बंदी आली हे चांगलेच झाले. पुलाची दोन्ही टोके आता एका कायद्याखाली आहेत. पण मामेभावाचा चुकारा कायद्याने परत येत नाही, आणि आशा विकणारे उद्या दुसरे दुकान थाटतील. वाचकांपैकी जे पालक असतील त्यांना एकच विनंती. संध्याकाळी सामना लागला की टीव्ही बंद करू नका. पोराशेजारी बसा. जाहिरात लागली की त्याला विचारा, हे नक्की काय विकतात आणि कुणाला विकतात. मग तो काय म्हणतो, ते मध्येच न तोडता ऐकून घ्या.